मोठ्या गाडीची वीज : आधी मोजा, मग बदला



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आलिशान गाडीतला विजेचा बिघाड! म्हणाल, आमच्या बचत गटाचा आणि असल्या गाडीचा संबंध काय? पण जरा आजूबाजूला बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. तेव्हा पेपरात ती मोठी बातमी झाली. आज अशा पंधरा वर्षांच्या मोठ्या गाड्या जुन्या बाजारात साध्या नव्या गाडीच्या भावात, कधी त्याहूनही कमी भावात मिळतात. मग घरातला पोरगा म्हणतो, "आई, गटातून कर्ज काढ. लग्नसराईत नवरदेवाला गाडी भाड्यानं देऊ, दोन हंगामात पैसे फिटतील."

गाडी स्वस्त मिळते हे खरं. पण तिचे भाग स्वस्त होत नाहीत. गाडी जुनी झाली तरी तिच्या एका कॉम्प्युटरची किंमत नव्या गाडीच्या हिशेबानंच मोजावी लागते. आणि अशा गाड्या यंत्रापेक्षा विजेनंच जास्त रडवतात. तालुक्याच्या गावी आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथं रोज जे दिसतं त्यावरून सांगते.

आधी एक गोष्ट. गाड्यांची दुरुस्ती पुरुषांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, माहेरी निघाली. नवऱ्याला न सांगता! शंभरेक किलोमीटरचा रस्ता होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंजिनात ठिणगी पाडणारी वायर उघडी पडली, तिला तिनं मोजा बांधायचा पट्टा गुंडाळला. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली वायरिंगची दुरुस्ती एका बाईनं केली. पुढं कितीतरी वर्षं इंजिन हँडल मारून सुरू करावं लागे. १९१२च्या कॅडिलॅक या श्रीमंती गाडीत विजेवर सुरू होणारा सेल्फ-स्टार्टर आला. आपले मिस्त्री आजही "सेल्फ मार" म्हणतात, तो हाच सेल्फ.

आता गाडीची वीज समजून घेऊ. बॅटरी म्हणजे घरातली पाण्याची टाकी. अल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री डायनामो म्हणतात, तो टाकी भरणारा पंप. इंजिन चालू असलं की तो बॅटरी भरतो. सेल्फ एका दमात टाकीतलं भरपूर पाणी ओढतो. फ्यूज म्हणजे जास्त करंट आला तर स्वतः जळून वायर वाचवणारा पहारेकरी. आणि बॅटरीच्या वजा टोकापासून गाडीच्या लोखंडाला जाणारी जाड तार म्हणजे अर्थ. दिव्याला गेलेली वीज या अर्थमधूनच परत येते. अर्थ गंजली की दिवा चांगला असूनही मंद जळतो.

साध्या गाडीत बॅटरी उतरली तर सेल्फ फिरत नाही, एवढंच. मोठ्या गाडीत काच, दार, सीट, ब्रेक, गिअर या सगळ्यांना वेगवेगळे कॉम्प्युटर असतात आणि ते एकमेकांशी बोलतात. वीज कमी पडली की सगळे एकदम गोंधळतात. समोरच्या पाटीवर दहा दिवे लागतात. गिअरचा बिघाड, ब्रेकचा बिघाड, एअरबॅगचा बिघाड. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

एक ताई मागच्या हिवाळ्यात अशीच गाडी टोचन करून घेऊन आल्या. एका गॅरेजनं त्यांना गिअरचा कॉम्प्युटर बदलायला सांगितलं होतं. आकडा त्यांच्या गटाच्या वर्षभराच्या बचतीहून मोठा होता. मंगळसूत्र गहाण ठेवायची बोलणी घरात सुरू होती. आम्ही मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी ११.८ व्होल्ट दाखवत होती आणि अर्थची तार हिरवी पडली होती. बॅटरी बदलली, तार घासून घट्ट केली, जुने कोड पुसले. दिवे गेले. दर वेळी असं स्वस्तात सुटत नाही. कधी कॉम्प्युटर खरंच गेलेला असतो. पण तो गेलाय हे मोजून कळतं, अंदाजानं कळत नाही.

तर आकडे लिहून घ्या. बारा व्होल्टची चांगली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली म्हणजे ती उतरलेली. इंजिन सुरू झालं की साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवेत. तेव्हाही १२ च दिसले तर टाकी भरणारा पंप किंवा त्याची वायर बघायची. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या बराच खाली पडला तर बॅटरी थकलेली आहे. यासाठी लागणारा मीटर काही शे रुपयांना मिळतो.

बिघाड येतो कुठून? लग्नाच्या गाडीचं एक खास दुखणं आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, गाडी चार महिने उभी. मोठ्या गाडीत ती बंद असतानाही अलार्म आणि किल्लीचा कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खातात. तुळशीचं लग्न होईपर्यंत बॅटरी बसलेली असते. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा नीट अर्धा-पाऊण तास फिरवून आणा किंवा बॅटरीला योग्य चार्जर लावा.

दुसरं पावसाचं पाणी. पुढच्या काचेखाली आणि छताच्या काचेला पाणी जायच्या नळ्या असतात. झाडाखाली गाडी लावली की त्या पाल्यानं तुंबतात आणि पाणी आत गालिच्याखाली साठतं. काही गाड्यांत तिथंच कॉम्प्युटर आणि वायरींचे जोड असतात. तिसरे उंदीर. धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावू नका. चौथं म्हणजे वरातीसाठी लावलेले रंगीत दिवे आणि साऊंड. त्यासाठी मूळ वायर तासून टेप गुंडाळलेली असते. अर्धे बिघाड शोधताना आम्ही आधी तिथंच हात घालतो.

रस्त्यात बॅटरीचा लाल दिवा लागला तर घाबरू नका. एसी, गाणी, जादा दिवे बंद करा. सुरक्षित जागा येईपर्यंत इंजिन बंद करू नका, कारण ते पुन्हा सुरू होईलच असं नाही. पण इंजिनाच्या गरमीचा काटा वर जाऊ लागला किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं, तर पट्टा तुटलेला असू शकतो. तेव्हा लगेच बाजूला घेऊन थांबा. जळका वास आला तर गाडी बंद करून सगळ्यांना उतरवा.

काही गोष्टी कधीच करू द्यायच्या नाहीत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघणं ही जुन्या गाड्यांची युक्ती मोठ्या गाडीचे कॉम्प्युटर जाळू शकते. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालायचा नाही, नाहीतर पुढं वायरच पेटते. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायची नाही. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना लाल तार अधिकला आणि काळी तार बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायची. बऱ्याच मोठ्या गाड्यांत बॅटरी मागं डिकीत असते, पण करंट द्यायच्या खुणा पुढं बोनेटखाली असतात. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यात जीवघेणा दाब असतो.

गॅरेजात गेल्यावर बोलायला लाजू नका. "स्कॅनरनं कोणता कोड दाखवला? त्यानंतर मीटरनं काय मोजलं?" हे विचारा. कोड फक्त तक्रार कुठली ते सांगतो. कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. "मला विचारल्याशिवाय पुढचं काम करू नका" असं त्यावरच लिहून घ्या. जुना भाग परत मागा, पक्कं बिल घ्या. नवी बॅटरी बसवल्यावर काही गाड्यांच्या कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, ते केलं का तेही विचारा.

फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही. पण स्वतःच्या रोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही.

विम्याचंही ऐका. साध्या विम्यात आपोआप झालेला विजेचा बिघाड भरून मिळत नाही. आणि गाडी भाड्यानं द्यायची तर नोंदणी तशी हवी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. खासगी पाटीवर भाडं मारलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

म्हणून गटासमोर अशा गाडीच्या कर्जाचा अर्ज आला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच सहीही करू नका. गाडी सकाळी, इंजिन गार असताना सुरू करून बघायला सांगा. पायाखालचा गालिचा उचलून हातानं ओल बघा. विकणाऱ्याचा नसलेल्या मिस्त्रीकडून स्कॅन करून कागद आणायला सांगा. किल्ली फिरवल्यावर धोक्याचे दिवे क्षणभर लागून विझतात का ते बघा. मुळीच लागत नसतील तर कुणीतरी ते काढून ठेवलेले असू शकतात. आणि किमतीशिवाय दुरुस्तीसाठी किती पैसे बाजूला ठेवलेत ते विचारा. उत्तर "काही नाही" असेल तर हप्ता थकायला एक पावसाळा पुरतो, आणि थकलेला हप्ता सगळ्या जणींच्या बचतीतून जातो.

पुढच्या बैठकीत गटासाठी एक मीटर घ्यायचा विषय मांडा. ट्रॅक्टर, ट्रॉली, रिक्षा, सगळ्यांच्या बॅटरीला तो चालतो. पहिलं माप गटातल्या बाईनंच घेऊन वहीत तारखेसह लिहावं. गॅरेजात जाताना ती वही हातात ठेवा.