गोळीनंतरचे चार आठवडे

मानसोपचारतज्ज्ञ मित्रांनो,

मी डॉक्टर नाही, परळचा औषधविक्रेता आहे. स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटोपावे हे ठाऊक आहे. पण माईक हाती आलाच आहे, तर नैराश्यावरच्या गोळ्यांविषयी थोडे बोलतो.

या गोळ्यांशी जोडलेल्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या कथेत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे इथल्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, जगभर खपले, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, हे १९५५च्या सुमारास कळले. झाले! सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, या समीकरणाला बळ मिळाले. ते अजून काउंटरवर ऐकू येते : "काका, सेरोटोनिन वाढवायची गोळी हीच ना?"

ही गोळी सेरोटोनिनचे पुनर्शोषण काही तासांतच रोखू लागते. मन सावरायला मात्र आठवडे जातात. नुसती तूटच भरायची असती, तर एवढा वेळ कशाला लागला असता? आठव्या दिवशी उरलेली स्ट्रिप परत करायला आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यात २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांच्या आढाव्याने तुटीच्या कल्पनेला सबळ पुरावा नसल्याचे म्हटले. लोकांनी त्याचा अर्थ 'गोळ्याच खोट्या' असा लावला. तो काही खरा नव्हे.

मला उमज पडली ती २००८च्या उंदरांवरील प्रयोगाने. लहानपणी मिटून ठेवलेल्या डोळ्याची नजर अधू राहिलेले प्रौढ उंदीर घेतले. त्यांना फ्लुओक्सेटिन ही याच जातीची गोळी दिली, चांगला डोळा मिटला, अधू डोळा उघडला; त्याची नजर सुधारली. औषधाने मेंदू लवचीक केला, शिकवले ते डोळ्याच्या वापराने. माणसाचे नैराश्य म्हणजे उंदराचा डोळा नव्हे, हे कबूल. पण इथून जवळच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनीही २०१९ साली दाखवले, की सेरोटोनिनमुळे चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे ऊर्जाकेंद्रांची, संख्या वाढते. म्हणजे हा रेणू नुसता मूड सांभाळत बसलेला नाही.

तेव्हा यजमानाचा हक्क बजावून एकच मागतो. चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली मराठीत लिहा : 'गुण यायला महिना लागेल, मनाने बंद करू नका.' आणि लवचीक होणाऱ्या मेंदूला शिकवायलाही कुणी हवे, म्हणून समुपदेशनाची तारीखही तिथेच टाका. तुमचे अक्षर लावायला आम्ही आहोतच!