पुस्तक कुठवर आलं?

परंडा तालुक्यातलं आमचं सोनारी लोकांना माहीत आहे ते काळभैरवनाथामुळं. चैत्रातली यात्रा, नवस फेडायला येणारी माणसं, आणि हातातला नारळ कधी पळवतील याचा नेम नसलेली देवळाभोवतीची वानरं. लेखकांसाठी काही गावाचं नाव नाही. तरी हल्ली आमच्या पंचक्रोशीत लिहिणारे बरेच झालेत. शिक्षक आहेत, एसटीतले वाहक आहेत, आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर वाढलेली पोरं आहेत. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा स्वतःच्या खर्चानं काढलेलं पुस्तक पिशवीत घालून हिंडणारे कितीतरी जण मांडवात दिसले. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल, आणि त्यांच्या पाठीशी उभं राहू शकणाऱ्या तुमच्याआमच्याबद्दल.

स्वखर्चानं पुस्तक काढण्याची आपल्याकडची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. माणूस पाचसहा वर्षं गुपचूप लिहितो. घरात बायकोला माहीत असतं, बाहेर कुणाला नाही. मग पतसंस्थेतून नाहीतर मेहुण्याकडून पैसे उचलायचे, ते छापणाराच्या हवाली करायचे, आणि एक दिवस एसटीच्या पार्सलमधून गठ्ठे घरी येऊन पडतात. प्रकाशनाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. शंभरेक प्रती ‘सप्रेम भेट’ लिहून वाटल्या जातात. उरलेल्या पलंगाखाली जातात, आणि दर पावसाळ्यात वाळवी लागली की काय म्हणून काढून बघाव्या लागतात.

पुस्तक वाईट असतं म्हणून असं होतं का? कधी असतंही. पण पुष्कळदा कारण साधं असतं. पुस्तक छापून हातात येईपर्यंत, हा माणूस काय लिहितोय याची चौकशी करणारा एकही मनुष्य त्यानं गोळा केलेला नसतो. ‘लई शहाणा झाला, लेखक झाला’ असं कुणी म्हणेल ही धास्ती. मला ती कळते. पण लपूनछपून लिहिलेल्या पुस्तकाला वाचकही लपूनच बसतो, त्याचं काय करायचं?

आमच्या भागात एका गड्यानं हे उलटं करून पाहिलं. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्यानं शंभर पानी वहीत पाच रकाने आखले: नाव, गाव, रक्कम, किती प्रती, पोच. ओळखीच्यांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या गाववाल्यांकडून पुस्तकाचे पैसे आधीच घेतले. दर महिन्याला या सगळ्यांना मोबाइलवर चार ओळी जातात. एका महिन्याचा मजकूर मी वाचलाय: सहावं प्रकरण जमलं नाही, काढून टाकलंय, पुन्हा लिहितोय, पुस्तक दिवाळीला येत नाही, संक्रांतीला येईल, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी मोकळेपणानं कळवावं. परत कुणी मागितले नाहीत. एका म्हातारबानं मात्र फोन करून विचारलं, ‘त्या सहाव्यात होतं तरी काय?’ वहीच्या मागच्या पानांवर खर्च आहे. टाइप करणाराचे इतके, प्रूफं तपासणाराचे इतके, मुखपृष्ठाचे इतके, कागद महागला म्हणून फर्म्यामागे इतके जास्त. यात्रेच्या वर्गणीचा जमाखर्च गावापुढं मांडावा, तसा तो मांडलेला आहे.

ही काही नवीन टूम नाही. मराठीत याचा मोठा वडीलधारा होऊन गेलाय, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. १९१६ च्या सुमारास नागपुरात त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम मांडलं, पुढे ते पुण्याला हलवलं. एकट्याच्या खिशातून होणारं काम नव्हतंच ते. म्हणून त्यांनी रीतसर मर्यादित मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार नोंदवले आणि त्यासाठी गावोगाव हिंडले. विचार करा, न लिहिलेल्या पुस्तकाचे पैसे मागायचे, तेही तेवीस खंडांच्या! लोकांनी टिंगल केली. हे काही पुरं व्हायचं नाही असं म्हणणारे विद्वानांतही होते. पहिला खंड छापून यायला १९२० साल उजाडलं, म्हणजे वर्गणीदारांनी नुसत्या भरवशावर वर्षंच्या वर्षं काढली.

आणि मग १९२७ साली केतकरांनी एक पुस्तक लिहिलं, ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’. भांडवल कसं उभं केलं, माणसं कशी जमवली, कामाची रीत कशी बसवली, अडचणी कुठं आल्या, हे सारं त्यात आहे. आपल्या उद्योगाचा असा जाहीर जबाब देणारे ग्रंथकार आपल्याकडे किती झाले? मला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही आठवत नाहीत. त्याच कामात तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढं महाराष्ट्र शब्दकोश केला, हा त्या ज्ञानकोशाचा आणखी एक लाभ. केतकरांच्या स्वतःच्या घरची ओढाताण मात्र संपली नाही. १९३७ मध्ये ते गेले, वय अवघं त्रेपन्न.

केतकरांनी हिशेब दाखवला. त्यांच्याही आधी जोतीराव फुल्यांनी मजकूरच लोकांपुढं ठेवला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून होत होता तेव्हा जोतीरावांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांना वाचून दाखवला. तरुण सयाजीराव गायकवाड महाराजांनीही तो ऐकला आणि पैशाची मदत केली. ज्यांच्यासाठी पुस्तक होतं त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. छापून काढून उपयोग थोडा, कानावर घातलं तरच पोचणार. पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’ वृत्तपत्रात छापून आली. पुढची छापायची हिंमत पत्राला झाली नाही. जोतीराव थांबले नाहीत. १८८३ च्या जुलैत पाचही प्रकरणं पुरी झाली.

माझं मत विचाराल तर खेड्यातल्या लेखकानं आधी जोतीरावांचा रस्ता धरावा आणि पैसे घेतले की केतकरांचा. गावातल्या वाचनालयात, शाळेच्या व्हरांड्यात, दहा माणसं बसवून एक प्रकरण मोठ्यानं वाचा. कुठं माणसं चुळबूळ करतात, कुठं चहावाला पोऱ्यासुद्धा किटली खाली ठेवून ऐकतो, हे कळायला समीक्षक लागत नाही. सोनारीत देवळासमोर वाचायला बसलात तर कागद तेवढे घट्ट धरा, वानरांना साहित्याची आवड आमच्यापेक्षा जास्त आहे.

यात धोकाही आहे. हल्ली काही जण लिहितात कमी आणि लिहितोय असं कळवतात जास्त. सकाळी टेबलाचा फोटो, दुपारी पेनाचा, रात्री ‘आज मूड नाही’. कोणतं मुखपृष्ठ बरं दिसतं हे विचारणं ठीक. पण कादंबरीचा शेवट कसा करू म्हणून मतं मागवायला लागलात तर ती कादंबरी तुमची राहत नाही. पैसे देणाराला प्रत मिळण्याचा हक्क आहे, हिशेब मिळण्याचा हक्क आहे. लेखणी धरण्याचा नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या ब्रँडन सँडरसन नावाच्या कादंबरीकारानं चार कादंबऱ्यांसाठी महिन्याभरात वाचकांकडून चार कोटी डॉलरच्या वर रक्कम आगाऊ गोळा केली. हातातलं काम किती टक्के झालं हे तो कितीतरी वर्षं आपल्या वाचकांना उघड सांगत आलाय. पण त्या चारही कादंबऱ्या त्यानं वाचकांना सुगावा न लागू देता लिहिल्या होत्या. लिहिण्याची खोली बंद, हिशेबाची उघडी.

लिहिणाऱ्यांसाठी कामाच्या दोन गोष्टी. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते आणि लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. कुणी त्यासाठी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. दुसरं, पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिची चौकशी करा.

आणि ऐकणाऱ्यांसाठी एकच विनंती. तुमच्या गावात कुणी लिहीत असेल तर फुकट प्रतीची वाट बघू नका. भेटला की विचारा, पुस्तक कुठवर आलं? एका प्रतीचे पैसे आधीच हातावर ठेवा, आणि पावती मागून घ्या.