समुद्रकाठचा गळ व त्याची साधने
(जुळे सोलापूर येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



सोलापूरच्या कोरड्या माळावर उभे राहून समुद्राच्या लाटांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या भोई ज्ञातीचा पाण्याशी असलेला संबंध पिढीजात आहे. पालखीचा दांडा खांद्यावरून उतरला, १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यावर भीमेचे रूपही पालटले. तथापि गळ आपल्या हातून सुटलेला नाही. आता आपले तरुण सुट्टीत गुहागर-मालवणकडे जातात, आणि सोबत हिप्परग्याच्या तळ्यावरचीच काठी नेतात. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

तळ्यातील पाणी उभे असते. तेथे वेळूची काठी, बारीक दोरा, बुचाचा तुकडा व गांडूळ एवढ्यावर चिलापी हाती लागते. समुद्रकाठी लाट हा सारा सरंजाम क्षणात वाळूवर आणून टाकते. तेथे गळ तळाशी टिकला पाहिजे. त्यासाठी १०० ते १५० ग्रॅम शिसे हवे, आणि एवढे वजन फेकावयाचे तर काठी ११ ते १४ फुटांची हवी. गोल शिसे गडगडत जाते. चौकोनी निमुळते किंवा तारांचे पंजे असलेले शिसे वाळू धरून राहते. दुकानदार आधी महागडे रीळ पुढे करतो. आमच्या मते खरेदी शिशापासून आरंभावी, कारण काठी व रीळ त्याच्या मानाने ठरतात.

दोऱ्याची गोष्ट मात्र जिवावरची आहे. ०.३५ मिलिमीटरचा नायलॉनचा दोरा मासा ओढावयास पुरतो. फेकतेवेळचा हिसका त्यास सोसत नाही. म्हणून टोकास जाड दोर जोडतात. शिशाच्या प्रत्येक औंसामागे १० पौंड ताकद, असा अनुभवी लोकांचा हिशेब आहे. ४ औंसांस ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो. त्याची लांबी काठीच्या दुप्पट असावी, शिवाय रिळावर चार-सहा वेढे. गाठ ओली करूनच आवळावी. येथे काटकसर नको. तुटलेले शिसे गोफणीतल्या गोट्यासारखे सुटते, आणि किनाऱ्यावर लेकरे खेळत असतात.

फार दूर फेकण्याची हौसही व्यर्थ होय. भरती चढू लागली की लाटांनी उकरलेले किडे-खेकडे खाण्यास मासा काठाजवळच्या खोलगट पन्हळीत येतो. दोन्ही बाजूंस लाट फुटते आणि मधे पाणी काळसर, निवांत दिसते, ती ही जागा. तेथे कोळंबीचा किंवा माकुळाचा तुकडा लावावा. परंतु ध्यानात असू द्या, त्याच निवांत दिसणाऱ्या पट्ट्यातून परतीचा ओढा समुद्राकडे धावतो, आणि पोहणाऱ्यास तोच आत नेतो. नदीत पोहणाऱ्या आपल्या मुलांना तर ती जागा उतरण्यास सोयीची वाटते! गळ तेथे टाकावा, पाय टाकू नये. गुडघ्यापलीकडे पाण्यात शिरूच नये. पावसाळ्यात व उधाणात तर काठावरही जाऊ नये.

कोकणात या कामास गरवणे म्हणतात. तेथील कोळी व गाबीत बांधवांस भरतीची वेळ आणि पन्हळीची जागा आधी विचारावी. ते पाण्याचे धनी आहेत, आपण पाहुणे. घरी आल्यावर काठी, रीळ व गळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. खारट ओल राहिली तर रीळ पुढच्या सुट्टीपर्यंत गंजून बसते.