मल्टीगन: पहिल्या मॅचला जाण्याआधी

(एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय जरा हटके आहे. रील्समध्ये तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. एक माणूस पळत पळत रायफल झाडतो, ती एका पिंपात ठेवतो, कमरेचं पिस्तूल काढतो, चार पावलं पुढे जाऊन टेबलावरची शॉटगन उचलतो आणि लोखंडी पाट्या धडाधड पाडतो. मागे एक जण हातात टायमर घेऊन त्याच्यासोबत पळतोय. खाली कमेंट असते, 'हा कुठला व्हिडिओ गेम आहे?'

गेम खराच आहे. त्याचं नाव मल्टीगन. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्ही असल्या की थ्री-गन, दोनच असल्या की टू-गन. हा खेळ अमेरिकेचा. पिस्तुलाच्या अशा पळत्या स्पर्धांची जागतिक संघटना आयपीएससी 1976 साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात स्थापन झाली. तिची अमेरिकन शाखा, यूएसपीएसए, 1984 ची. 1980 च्या दशकात पिस्तुलाच्या जोडीला रायफल आणि शॉटगन आल्या आणि मल्टीगन वाढत गेला. आज अमेरिकेत कितीतरी क्लब महिन्याला एखादी मॅच घेतात.

आता तुम्ही म्हणाल, मराठी पॉडकास्टवर हे कशाला? कारण डॅलस, ह्यूस्टन, फिनिक्स, अटलांटा इथे आपली पोरं भरपूर आहेत. ऑफिसातला एखादा जॉन शुक्रवारी सहज म्हणतो, 'शनिवारी मॅच आहे, चल, माझ्याच बंदुका वापर.' नव्या माणसाला बंदूक उसनी देणं हे या खेळात अगदी नेहमीचं आहे, लोक मनापासून देतात. पण तुम्ही 'हो' म्हणण्याआधी दोन-चार गोष्टी माहीत हव्यात. त्यातली पहिली नेमबाजीची नाहीच. ती तुमच्या पासपोर्टमध्ये आहे.

आधी व्हिसा बघा

हा भाग नीट ऐका, स्पीड दोनवर असेल तर एकवर आणा.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. म्हणजे एफ-1 वरचा विद्यार्थी, एच-1बी वरचा इंजिनियर, एच-4 वरची त्याची बायको, एल-1 वर आलेला मॅनेजर, सगळे यात आले. आणि 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे. मित्राची बंदूक पाच मिनिटं हातात घेतली, रेंजवर भाड्याची घेतली, तरी ते बाळगणंच. 2022 पासून या कलमाखाली शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय व्हिसा, पुढचं ग्रीन कार्ड, सगळंच धोक्यात.

'पण माझा ग्रीन कार्डचा अर्ज गेलाय ना, आय-140 पण मंजूर आहे!' नाही मंडळी, तेवढं पुरत नाही. आपल्या लोकांची रांग किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. कार्ड मंजूर होईपर्यंत तुम्ही नॉन-इमिग्रंटच.

याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे शिकारीचा परवाना. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला हंटिंग परवाना तुमच्याकडे असेल, तर ही फेडरल मनाई लागू होत नाही. बरेच जण याच वाटेने कायदेशीरपणे खेळतात. पण त्यावर राज्याचा कायदा वेगळा असतो आणि परवान्याची तारीख एक दिवस जरी उलटली तरी तुम्ही पुन्हा मनाईत. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, की यूट्यूबवर किंवा माझ्यावरही विसंबू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. त्याची फी बंदुकीपेक्षा स्वस्त पडते.

अजून एक बारकावा, जो बहुतेकांना माहीत नसतो. त्या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाची रिकामी पुंगळीही येते. मॅच संपल्यावर सगळे खाली वाकून पितळी पुंगळ्या गोळा करतात. व्हिसावर असाल तर मदत करायला म्हणूनही तिथे वाकू नका.

मग जायचंच नाही का? जा की! बघायला जा. कागदी टार्गेटवर गोळीची भोकं पडतात, त्यावर छोटे स्टिकर चिकटवायचे असतात. त्याला पेस्टिंग म्हणतात. पडलेल्या लोखंडी पाट्या उभ्या करायच्या असतात. टॅबलेटवर स्कोअर भरायचा असतो. हे सगळं बंदुकीला हात न लावता करता येतं आणि असा माणूस प्रत्येक स्क्वाडला हवा असतो. चार मॅच पेस्टिंग केलेल्या माणसाला हा खेळ जितका कळतो, तितका शंभर रील्स बघून कळत नाही.

मॅच चालते कशी

नाव नोंदवायचं ते बहुतेक प्रॅक्टिस्कोअर या साइटवर. तिथेच निकाल लागतो. मॅचमध्ये सहसा चार ते सहा स्टेज असतात. स्टेज म्हणजे एक छोटा अडथळ्यांचा रस्ता: भिंती, खिडक्या, पिंपं, कागदी आणि लोखंडी टार्गेट. दहा-बारा जणांचा स्क्वाड करतात आणि स्क्वाडने सगळ्या स्टेज फिरायच्या. एक जण खेळतो, बाकीचे पेस्टिंग करतात. पेस्टिंगच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

खेळण्याआधी काही मिनिटं 'वॉक-थ्रू' मिळतो. रिकाम्या हाताने स्टेज चालून बघायची: कुठे उभं राहायचं, कुठलं टार्गेट कुठल्या बंदुकीने, कुठे मॅगझिन बदलायचं. मग तुमचं नाव पुकारतात.

रेंज ऑफिसर म्हणतो, 'मेक रेडी.' या शब्दाआधी बंदूक भरायची नाही. मग 'आर यू रेडी?' मग 'स्टँडबाय.' मग बीप. संपल्यावर बंदूक रिकामी करून दाखवायची. शेवटी तो 'रेंज इज क्लिअर' म्हणाला, की सगळे पुढे टार्गेटकडे जातात.

गुण कसे? बऱ्याच मॅचमध्ये लागलेला वेळ हाच स्कोअर. टार्गेट चुकलं की त्यात काही सेकंद जोडले जातात. किती ते प्रत्येक मॅचचं वेगळं. म्हणजे फार घाई केली तर नेम चुकून सेकंद वाढतात आणि फार सावकाश गेलात तर घड्याळ वाढतं. खेळाची मजा या ओढाताणीतच आहे.

गोळीबाराच्या मधलं

आता मला या एपिसोडमध्ये जे मुख्य सांगायचंय ते.

नवा माणूस विचारतो, 'माझा नेम बसेल का?' नेम हळूहळू बसतो. पहिल्या मॅचला माणूस घरी जातो तो वेगळ्याच कारणाने. गोळी झाडताना तो नीट असतो. दोन गोळ्यांच्या मधे, एक बंदूक ठेवून दुसरी घेताना, पळताना, मॅगझिन बदलताना गडबड होते. त्यातून 'डीक्यू' होतं. डिसक्वालिफाय. म्हणजे त्या दिवसाची मॅच तिथेच संपली. कुणी ओरडत नाही, अपमान करत नाही, पण त्या दिवशी परत संधीही देत नाही.

डीक्यू कशाने होतं ते लक्षात ठेवा.

एक, 180 चा नियम. तुम्ही टार्गेटकडे तोंड करून हात दोन्ही बाजूंना आडवे पसरलेत, तर जी रेष होते ती 180. बंदुकीची नळी या रेषेच्या मागे कधीच जाता कामा नये. उजवीकडून डावीकडे पळताना, मॅगझिन बदलताना, ही रेष नकळत ओलांडली जाते. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे पळताना जास्त सांभाळावं लागतं.

दोन, ट्रिगरवरचं बोट. नेम धरलेला नसेल तेव्हा बोट सरळ, ट्रिगरच्या बाहेर. पळताना बाहेर. भरताना बाहेर. ऑफिसर तुमच्या गोळीकडे कमी आणि या बोटाकडे जास्त बघत असतो.

तीन, आणि हे खास मल्टीगनचं: बंदूक ठेवणं. रायफल संपवून पिस्तूल काढायचंय, तर रायफल त्या पिंपात ठेवताना एकतर ती पूर्ण रिकामी हवी, नाहीतर सेफ्टी लावलेली हवी. बीप वाजल्यावर अंगात जे भरतं, त्यात सेफ्टी लावायला विसरायला होतं. म्हणून घरी सराव करताना गोळीपेक्षा याचा सराव करा: शेवटचा 'शॉट', सेफ्टी, ठेवा, मग दुसऱ्या बंदुकीला हात. पिस्तूल ठेवण्याचे नियम मॅचप्रमाणे बदलतात, ते सकाळच्या ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या. विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

चार, हातातून बंदूक पडणं. आणि पडली तर स्वतः उचलायची नाही. थांबा, ऑफिसर उचलेल.

पाच, 'कोल्ड रेंज'. म्हणजे तुमची पाळी नसताना सगळ्या बंदुका रिकाम्या. पिस्तूल बघायचंय, साफ करायचंय तर 'सेफ एरिया' नावाची जागा असते. तिथे बंदूक हाताळता येते, पण गोळ्या काढायच्या नाहीत. आणि लोक पुढे टार्गेटपाशी गेलेले असताना मागे बंदुकीला हात लावायचा नाही, पाहण्यासाठीसुद्धा नाही.

लक्षात आलं का? यातलं जवळपास सगळं गोळी न झाडतानाचं आहे. व्हिसाचंही तसंच. बंदूक हातात येण्याआधी आणि हातातून गेल्यावर तुम्ही काय करता, यावर तुम्ही या खेळात टिकता की नाही ते ठरतं.

म्हणून पहिल्या मॅचचं ध्येय एकच ठेवा: निकालाच्या यादीत, अगदी शेवटी का होईना, आपलं नाव असावं. चालत खेळा. पळू नका. शेवटून पहिले आलात तरी संध्याकाळी स्क्वाडमधले लोक पाठ थोपटतील, कारण तुम्ही सुरक्षित खेळलात. पुढच्या वेळी तेच लोक स्वतःची चांगली बंदूक तुमच्या हातात देतील.

सामान किती घ्यावं

कमी. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण, हे दोन्ही स्वतःचं घ्या. त्याशिवाय रेंजवर उभं करत नाहीत. कमरेला जाड, न वाकणारा पट्टा. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर. मॅगझिनचे दोन-तीन पाउच. बस्स. शॉटगनची काडतुसं एका झटक्यात चार भरण्याचा प्रकार तुम्ही पाहिला असेल, तो नंतर शिका. पहिल्या दिवशी एकेक भरा.

गोळ्या घेताना एक बघा, चुंबकाला चिकटणारी गोळी बऱ्याच क्लबमध्ये चालत नाही. पोलादी गाभ्याची गोळी लोखंडी टार्गेट खराब करते, तुकडे उडवते, कोरड्या गवतात ठिणगीही पाडते.

आणि तीन बंदुका एकदम झेपत नसतील तर 'स्टील चॅलेंज'पासून सुरू करा. एका जागी उभं राहून पाच लोखंडी पाट्या, .22 ची बंदूक, होल्स्टर नाही, पळापळ नाही. गोळ्या स्वस्त, धक्का कमी. तिथे बीपची सवय होते. मग टू-गन, मग थ्री-गन.

आणि भारतात?

भारतात ऐकणाऱ्यांना खरं सांगतो, हा खेळ या रूपात आपल्याकडे रुजलेला नाही आणि परवान्याचे नियम बघता सामान्य माणसाने त्यामागे लागण्यात अर्थ नाही. पण नेमबाजी करायची असेल तर आपल्याकडे 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. मल्टीगनमध्ये बंदुका तीन असतात. त्याच्या खेळात रायफल एक आणि पवित्रे तीन: गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून. पण नळी कुठे आहे, बोट कुठे आहे, ही शिस्त तीच.

अमेरिकेत व्हिसावर असणाऱ्यांनाही एअरगनचा रस्ता आहे. हवेवर चालणारी बंदूक फेडरल कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' नाही. फक्त एडिसन, जर्सी सिटीवाल्यांनो, थांबा! न्यू जर्सी राज्याच्या कायद्यात एअरगनलाही बंदूकच धरतात. तेव्हा आधी आपल्या राज्याचा नियम वाचा.

चला, आज एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी नुकतंच एमएस करायला गेलं असेल आणि 'वीकेंडला रेंजवर जातोय' म्हणत असेल, तर त्याला हा एपिसोड आजच पाठवा. शनिवारच्या आत. प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या वेळी घेऊ. सांभाळून राहा. भेटूया!