घरात काय पाळावे?

शाळेतून आलेले मूल दप्तर टाकता टाकता म्हणते, "आपण काहीतरी पाळू या ना!" आई शेतावरून नुकतीच परतलेली असते, वडील अजून यायचे असतात. हो म्हणावे तर काम वाढते, नाही म्हणावे तर मुलाचे तोंड उतरते. अशा घराने काय पाळावे, याचा आज थोडा विचार करू.

बिनकष्टाचे जनावर जगात नाही. कमी कष्टाचे असते. तेव्हा जनावर पाहण्याआधी घरातले घड्याळ पाहावे. सकाळी पाणी कोण देणार? दुपारी घरी कोण असणार? चार दिवस लग्नाला गावी गेलो तर मागे कोण पाहणार? या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या नावानिशी देता आली पाहिजेत. "सगळे मिळून पाहू" हे उत्तर नव्हे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते, हा घरोघरचा अनुभव आहे.

मुलांचा पहिला ओढा कुत्र्याच्या पिल्लाकडे. कुत्रा जीव लावतो हे खरेच. पण तो १०-१२ वर्षे जगतो. आज पहिलीत असलेला मुलगा मॅट्रिक होऊन जाईल, तोवर त्याचे करायचे आहे. त्याला माणसांची सोबत लागते. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी. कुत्र्याचा किंवा मांजराचा दात वा नख मुलाला लागले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मिरची, चुना भरून स्वस्थ बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. दुपारी घरात कोणी नसेल, तर कुत्र्याचा विचार तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

मांजराचे मागणे कमी. ते स्वतःचे अंग स्वतः चाटून स्वच्छ ठेवते, उंदरांवर वचक ठेवते आणि एकटे राहू शकते. लस मात्र त्यालाही हवी, आणि वेळीच शस्त्रक्रिया करून घेतली नाही तर वर्षातून दोनतीनदा पिल्लांची घरे शोधत हिंडावे लागते. शिवाय दोनतीन वर्षांचे मूल शेपूट ओढते, आणि मांजर नख्या काढते. मूल थोडे जाणते झाल्यावर मांजर आणावे.

काही जण म्हणतील, मग पोपट बरा. पिंजऱ्यात पडून राहील. मित्रहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पाळणे हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या कासवाचेही तेच. आणि कायदा नसता तरी थव्याने उडणारा पक्षी हातभर पिंजऱ्यात ठेवून मुलाला आपण काय शिकवणार?

खेड्यातल्या कामाच्या घराला मी दोन गोष्टी सुचवीन. अंगण असेल तर दोनतीन गावरान कोंबड्या. सकाळी खुराडे उघडायचे, दाणापाणी ठेवायचे, संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या. मानमोडीची लस तेवढी चुकवू नये. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, तर २१ व्या दिवशी कवच फुटताना मूल पाहते. कोंबडी हाताळल्यावर हात साबणाने धुण्याची सवय मात्र लावावी.

अंगण नसेल तर गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते डबक्यांत सोडते, तेच हे. वीसएक लिटरच्या काचेच्या पेटीत चारपाच मासे सुखाने राहतात. नुसते नर ठेवले तर वीणही वाढत नाही. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. उपासापेक्षा उरलेल्या खाण्याने नासलेल्या पाण्यातच मासे अधिक मरतात. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आधी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे. कंटाळा आला म्हणून हे मासे नदीत सोडू नयेत. ते परदेशी आहेत, आपल्या माशांच्या तोंडचा घास काढतात. शिक्षकबंधुभगिनींनो, अशी पेटी वर्गातही ठेवता येईल. पाळीच्या यादीत रविवारचे आणि सुट्टीचे नाव आधी लिहा, म्हणजे झाले.

शेवटी एक सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला एकच काम द्यावे, पाणी भरण्याचे. ते झाले की नाही, हे मोठ्या माणसाने रोज रात्री पाहावे. मूल विसरले तर त्याला हाक मारावी आणि त्याच्याकडूनच भांडे भरून घ्यावे. मुक्या जिवाला तहान लागली तर मागता येत नाही. ही गोष्ट ज्याला लहानपणी समजली, ते मूल पुढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाचा तांब्याही रिकामा राहू देणार नाही. आणि एवढे करण्याची आपली तयारी नसेल, तर मुलाला आज स्पष्ट "नाही" म्हणावे. त्याची समजूत काढता येते. उपाशी मेलेल्या जनावराची काढता येत नाही.