साखरेचा आजार आणि डोळे

मधुमेह मोठ्या वयातच होतो असं आपण समजतो. तसं नाही. टाइप १ नावाचा मधुमेह लहानपणीही गाठतो. अंगात इन्सुलिन तयार होणं बंद पडतं. मग ते रोज टोचून घ्यावं लागतं. १९२२ साली ते पहिल्यांदा माणसाला दिलं. त्याआधी अशी पोरं फार जगत नसत. आता ती शिकतात, संसार करतात. म्हणून तर डोळे सांभाळायचे.

डोळ्याच्या आत मागं एक पडदा असतो. त्यात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्या झिरपू लागतात, जुन्या पखालीसारख्या. दुखत काही नाही. सुरुवातीला दिसतंही चांगलं. कुणी म्हणेल, “मला सुईत दोरा ओवता येतो, दवाखाना कशाला?” अहो, दोरा ओवला म्हणून पडदा शाबूत आहे असं नव्हे! चष्म्याचा नंबर काढला, तीही ही तपासणी नव्हे.

टाइप १ मधुमेहाला पाच वर्षं झाली, की डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. पुढं दरसाल. बाईला दिवस गेले तर लगेच, कारण तेव्हा बिघाड वाढू शकतो. तपासताना थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास अंधुक दिसतं. सायकलवर जाऊ नका, सोबत कुणी न्या.

बिघाड लवकर सापडला तर लेसरनं किंवा इंजेक्शनानं थोपवता येतो. काजळानं, मधानं नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा, विडी सोडा. डोळ्यापुढं एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.