करवंटीतलं बाळंतपण

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: ताई, एपिस्टोची जोडी आणलीय, पिल्लं कधी होणार? म्हणून आजचा भाग त्यावरच. पण आधीच सांगते, ही यशोगाथा वगैरे नाहीये. पिल्लं हाती लागण्याआधी मी दोनदा अंडी घालवली आणि एक छान नर मारला. हाताने नाही, हलगर्जीपणाने. तुमच्याकडून तसं होऊ नये, एवढ्यासाठी सगळं सांगतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एपिस्टो म्हणजे एपिस्टोग्रामा, सिक्लिड घराण्यातले बुटके मासे. हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. गोव्याची काळुंदर, जिला केरळात करीमीन म्हणतात, ती सिक्लिडच. उजनीची चिलापीसुद्धा सिक्लिडच, फक्त ती बाहेरून आलेली. या मंडळींची खासियत म्हणजे अंडी घालून निघून जात नाहीत, पिल्लांना सांभाळतात.

माझ्याकडे आहे ती जात कॅकॅटुऑइडिस. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून हे नाव. मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पेरूकडच्या ओढ्यांमध्ये, जिथे तळाशी कुजक्या पानांचा थर असतो. नर साधारण ८ सेंटीमीटरचा, मादी ५ची.

माझा सेटअप साधा होता. दोन फुटी टँक, बारीक वाळू, स्पंज फिल्टर. सोसायटीतल्या जंगली बदामाची झाडावरच वाळून पडलेली पानं धुऊन टाकली. आणि नारळाची अर्धी करवंटी, कडेला मादी जाईल एवढं भोक पाडून, पालथी ठेवलेली. मादी त्या करवंटीच्या छताला अंडी चिकटवते. महागड्या गुहा वगैरे काही लागत नाही.

मार्चमध्ये एक दिवस ऑफिसातून आले तर मादी पिवळीधमक, हळदीसारखी, अंगावर काळे डाग, आणि करवंटीच्या तोंडाशी उभी. म्हणजे अंडी घातली होती! मी काय केलं असेल? मोबाईलचा टॉर्च लावला आणि आत डोकावले. फोटो काढला. रात्री परत डोकावले. झोपायच्या आधी करवंटी जराशी उचलूनही बघितली. सकाळी अंडी गायब. तिनेच खाल्ली होती. धोका वाटला की हे मासे तसं करतात.

मी आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी टॉर्च मारत जातं का गं?"

विषय संपला. ब्रीडिंगवर इतके व्हिडिओ बघितले होते, पण मला कळलं ते तिच्या त्या एका वाक्यामुळे.

दुसऱ्या वेळी मी लांबून बघितलं. चार दिवस टँकसमोर उभीसुद्धा राहिले नाही. तरी अंडी पांढरी पडली, बुरशी आली. हा एप्रिल होता. आमच्या भागात उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडतं, सोसायटी टँकर मागवते, आणि टँकरचं पाणी बहुतेक बोअरवेलचं. टीडीएस मीटर बुडवला तर ६४०. एरवी आमच्या नळाला ९०च्या आसपास येतं. ही जात मोठी झाली की जड पाणी सहन करते, म्हणून मासे ठणठणीत दिसत होते. पण मऊ पाण्यातल्या माशांची अंडी फार जड पाण्यात नीट फळत नाहीत. मासा जगतोय म्हणजे पाणी चांगलं आहे, असं मी धरून चालले होते. तिथे चुकले.

मग आरओचं पाणी मिसळत टीडीएस हळूहळू दीडशेपर्यंत आणला. हळूहळू म्हणजे रोज एक बादली नाही, रोज दोन-तीन लिटर. एकदम बदललंत तर मासेच जातील.

मे महिन्यात तिसरी वेळ. साधारण तीन दिवसांत अंडी फुटली, आणखी पाचेक दिवसांनी मादी पिल्लांचा ढग घेऊन बाहेर आली. ढगच म्हणायचा, पापणीच्या केसाएवढी चाळीसेक पिल्लं. ती पुढे, पोरं मागे. तिने अंगाला एक झटका दिला की सगळी खाली वाळूवर बसतात, हलत नाहीत. मी अर्धा तास जमिनीवर बसून बघत होते. लांबून!

आणि त्याच शनिवारी गावी लग्नाला गेले. दोन दिवसांनी परत आले तर नर पाण्यावर तरंगत होता, पर फाटलेले. पिल्लं असली की मादी नराला जवळ येऊ देत नाही. ओढ्यात तो लांब जातो, त्याचा इलाका मोठा असतो, त्यात दोन-तीन माद्या असतात. माझ्या दोन फुटी टँकमध्ये तो जाणार कुठे? झाडं एका कोपऱ्यात, बाकी सगळं मोकळं. जिकडे जाईल तिकडे ती त्याला दिसणार आणि तो तिला. माझ्या फोनमध्ये त्याचे शंभर फोटो होते. लपायला जागा मात्र मी एकही ठेवली नव्हती.

आता माझ्या टँकच्या मध्ये लाकूड आणि दाट झाडी आहे, एका टोकाहून दुसरं टोक दिसत नाही. आणि मादी पिल्लं घेऊन फिरायला लागली की नर दुसऱ्या टँकमध्ये. तो टँक आधी तयार ठेवायचा, अंडी दिसल्यावर धावाधाव नाही.

पिल्लांच्या खाण्याचं: पहिल्या दिवसापासून नुकतीच फुटलेली आर्टेमिया. लिटरभर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर अंडी, एअर पंपाची नळी. उन्हाळ्यात २४ तासांत फुटतात. पंप बंद करून खाली दिवा धरा, जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात, टरफलं वर तरंगतात. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन, दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी द्यायची. उरलेलं खाणं सडलं की पिल्लं जातात.

त्यातली ३१ वाढली. सप्टेंबरमध्ये नर-मादी कळायला लागले, तर नर २७ आणि माद्या ४! मला वाटलं योगायोग. मग कळलं, १९९६ साली रोमर आणि बायझेनहर्त्झ यांनी एपिस्टोच्या बऱ्याच जाती तपासून दाखवलंय की पिल्लं नर होणार की मादी, हे बऱ्याच अंशी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. २९ अंशांच्या आसपास नर जास्त, २३च्या आसपास माद्या जास्त. मे महिन्यात माझं पाणी ३०च्या खाली उतरलंच नव्हतं. दुकानदार मात्र खूश झाला, कारण रंगीत नरच विकले जातात. पण पुढच्या पिढीला माद्या नकोत का?

म्हणून नवा नर आणून पुढची वेळ दिवाळीनंतर धरली, हीटर २६वर. त्या पिल्लांत दोन्ही जवळपास सारखे निघाले.

शेवटचं, आणि हे खरंच ऐका. पिल्लं जास्त झाली तर मित्रांना द्या, दुकानात द्या, जागा नसेल तर करवंटीच काढून ठेवा. पण नदीत किंवा तळ्यात सोडू नका. चिलापीने आपल्या धरणांत काय केलंय ते मच्छीमारांना विचारा.

परवा मादी परत पिवळी झालीय. मी अजून आत बघितलेलं नाही. आईच येता-जाता लांबून नजर टाकते आणि मला सांगते, "आहे गं, जागेवरच आहे."

पुढच्या भागात आर्टेमिया घरी फुटत का नाही, यावर बोलू. तुमच्या चुका मला व्हॉइस नोटवर पाठवा, लाजू नका, माझ्या ऐकल्यातच. भेटू!